अपंग मुलाची तालीम आणि त्याची रोजी-रोटी

(संस्थेच्या वार्षिक पारितोषिक वितरण समारंभात केलेले भाषण)



प्रमुख पाहुणा म्हणून मला बोलावण्याचा निरोप आला तेव्हा प्रथम मला संकोचच वाटला. मी कोणी मोठा विद्वान नाही, पुढारी नाही. एका बँकेत पस्तीस वर्षे नोकरी करून २०१३ साली निवृत्त झालेला मी साधा माणूस. परंतु पदाधिकाऱ्यांनी आग्रह केला की, "आपण आपल्या आयुष्यातले चार अनुभव सांगा, आमच्या मुलांना उपयोग होईल." तो आग्रह मोडवेना, म्हणून आलो.

आपण पाहिलेच असेल की, या व्यासपीठावर येण्यासाठी चार पायऱ्या आहेत आणि त्या चढवण्यासाठी दोन शिक्षक बंधूंना माझ्या काखेत हात घालावा लागला. त्यांचा मी आभारी आहे. वयाच्या दुसऱ्या वर्षी, म्हणजे १९५५ साली, मला पोलिओ झाला आणि दोन्ही पायांतील शक्ती गेली. तेव्हापासून कुबड्या माझ्या सोबतीला आहेत. त्या चार पायऱ्यांविषयी मी शेवटी पुन्हा बोलणार आहे.

आजकाल सरकारी कागदावर 'दिव्यांग' हा शब्द येतो. हेतू चांगला आहे. आमच्या पिढीच्या तोंडी 'अपंग' हा शब्द बसला आहे, म्हणून मी तोच वापरतो. कोणी गैरसमज करून घेऊ नये. शब्द कोणताही असो, खरा प्रश्न असा आहे की, त्या माणसाने सकाळी उठून कुठे जायचे, दिवसभर काय करायचे आणि संध्याकाळी घरी काय आणायचे?

माझे बालपण डोंगरीतल्या एका चाळीत, दुसऱ्या मजल्यावर गेले. आम्ही मूळचे कोकणातले. अब्बा गोदीत कामाला होते. चौथीपर्यंत माझ्या आईने मला कडेवर घेऊन म्युनिसिपालिटीच्या शाळेत पोहोचवले. शेजारच्या बायका तिला म्हणत, "कशाला एवढी तंगडतोड? याला शिकून काय कलेक्टर व्हायचे आहे?" आई काही उत्तर देत नसे. दुसऱ्या दिवशी पुन्हा मला उचलून जिना उतरे. पाचवीत मी कुबड्यांवर चालू लागलो तेव्हा तिच्या कमरेला विसावा मिळाला. १९७० साली अकरावीची एस.एस.सी. झालो, १९७४ साली बी.कॉम. झालो. आई त्या वेळी हयात होती, एवढे माझे नशीब.

पण पदवी हातात आली आणि खरी परीक्षा सुरू झाली. मुंबईत अपंगांसाठी खास सेवायोजन कार्यालय १९५९ सालीच निघाले होते. तिथे मी नाव नोंदवले. एका खाजगी कंपनीत मुलाखतीला बोलावणे आले. साहेबांनी मला जमाखर्चाचा एकही प्रश्न विचारला नाही. त्यांनी विचारले, "येताना बसने आलात की लोकलने? पावसाळ्यात कसे याल? मुतारी वरच्या मजल्यावर आहे, जमेल का?" मी सगळ्याला 'जमेल' म्हटले. शेवटी त्यांनी खिशातून दहा रुपयांची नोट काढली आणि म्हणाले, "टॅक्सीने घरी जा." मी ती नोट टेबलावर ठेवून आलो. घरी पोहोचेपर्यंत माझ्या डोळ्यांचे पाणी थांबले नाही. ते गृहस्थ वाईट नव्हते. दयाळूच होते. त्यांना माझ्यात दान देण्यासारखा माणूस दिसला, काम देण्यासारखा दिसला नाही. पालक मंडळींनो, माझे आजचे सारे भाषण या एका गोष्टीभोवती फिरते.

चार वर्षे मी घरी बसलो. चाचांचे किराणाचे दुकान होते. ते म्हणाले, गल्ल्यावर बसव याला. पण अब्बांनी धीर सोडला नाही. १९७७ साली केंद्र सरकारने 'क' आणि 'ड' वर्गाच्या जागांत अपंगांसाठी तीन टक्के राखीव ठेवण्याचा निर्णय घेतला आणि त्यानंतर वर्षभरात, १९७८ साली, मला बँकेत कारकुनाची जागा मिळाली. मोहल्ल्यात पेढे वाटले गेले.

आता आपणांस वाटेल, गोष्ट इथे संपली. नाही. पहिले आठ महिने मला बँकेत कामच मिळाले नाही. आवक-जावक नोंदवहीच्या शेजारी एक खुर्ची दिली होती. दिवसाला पाच-दहा पत्रांवर शिक्का मारायचा आणि बसून राहायचे. इतरांच्या टेबलावर खातेवह्यांचे ढीग, आणि माझे टेबल स्वच्छ. कोणी म्हणे, "तुमचे बरे आहे!" महिन्याच्या एक तारखेला पगाराचे पाकीट उघडताना मला शरम वाटे. पगार होता, पण तो कशाबद्दल होता ते मला ठाऊक नव्हते.

मग एक नवे हेडक्लार्क बदलून आले. स्वभावाने तिरसट. त्यांनी पहिल्याच आठवड्यात सहा महिन्यांचा न जुळलेला ताळेबंद माझ्यापुढे टाकला आणि म्हणाले, "शनिवारपर्यंत जुळला पाहिजे." मी रात्री उशिरापर्यंत बसलो. शनिवारी एकोणीस रुपये काही पैशांची तफावत सापडली. एका कारकुनाने आकडा उलटा लिहिला होता. हेडक्लार्क साहेबांनी शाबासकी दिली नाही. त्यांनी दुसऱ्या शाखेचा ताळेबंद आणून टाकला. त्या दिवशी मी घरी गेलो तो खरा नोकरदार होऊन गेलो. पुढे न जुळणारा हिशेब आला की लोक म्हणत, "त्यांच्याकडे द्या." कामाचा अर्थ मला त्या तिरसट माणसाने शिकवला. त्याने माझ्यावर दया केली नाही, भरवसा ठेवला.

विद्यार्थी मित्रहो, आपल्या इतिहासातही हे उदाहरण आहेच. हजरत अब्दुल्लाह इब्न उम्मे मक्तूम हे अंध सहाबी होते. हजरत बिलाल यांच्याबरोबर त्यांच्याकडेही अजान देण्याचे काम होते, आणि पैगंबरसाहेब मदिनेबाहेर जात तेव्हा अनेकदा शहरात आपल्या जागी त्यांना नेमून जात. अंध माणसाला कोपऱ्यात बसवून खैरात दिली नाही, शहराची जबाबदारी दिली. हा किस्सा आपण मुलांना मोठ्या प्रेमाने सांगतो. पण आपल्या दुकानात, आपल्या गाळ्यात, आपल्या शाळेत अंध माणसाला जागा देण्याची वेळ आली की आपल्याला तो आठवत नाही.

आपल्याच मुंबईतले आणखी एक उदाहरण देतो. फातिमा इस्माईल यांचे नाव आजच्या पिढीला फारसे माहीत नाही. त्यांच्या लहान मुलीला पोलिओ झाला. आई म्हणून त्या दारोदार उपाय शोधत फिरल्या आणि मुलगी सुधारू लागल्यावर स्वस्थ बसल्या नाहीत. दुसऱ्यांच्या मुलांचे काय, हा प्रश्न त्यांना सतावू लागला. १९४७ साली डॉ. ए. व्ही. बाळिगा यांच्या मदतीने त्यांनी मुंबईत पोलिओग्रस्त मुलांसाठी उपचार केंद्र सुरू केले. त्यातून पुढे हाजी अली येथील मुलांचे अस्थिरुग्णालय उभे राहिले. उपचार झालेली मुले मोठी झाली, तेव्हा त्यांच्या ध्यानात आले की, पाय सरळ झाला म्हणून पोट भरत नाही. म्हणून अपंगांना काम शिकवणारी व काम देणारी 'फेलोशिप ऑफ द फिजिकली हॅंडिकॅप्ड' ही संस्थाही त्यांनी उभारली. १९५८ साली त्यांना पद्मश्री मिळाली आणि १९७८ ते १९८४ या काळात त्या राज्यसभेच्या सभासद होत्या. आधी इलाज, मग तालीम, मग रोजगार, हा क्रम त्यांनी घालून दिला. आपण बहुतेक जण इलाजापाशीच थांबतो. डॉक्टर झाले, दर्गे झाले, गंडे-तावीज झाले, आणि मग मूल घरात.

दुसरे उदाहरण कोल्हापूरच्या नसीमा हुरजूक यांचे. ऐन सोळा वर्षांच्या वयात त्यांच्या कमरेखालील शरीराची शक्ती गेली. खेळणारी, नाचणारी मुलगी एकाएकी बिछान्याला खिळली. पुढे त्यांची भेट बाबूकाका दिवाण यांच्याशी झाली. हे गृहस्थ स्वतः चाकाच्या खुर्चीत असून बंगलोरला उद्योग चालवीत आणि हातांनी चालवायची मोटार स्वतः हाकीत. त्यांना पाहून या मुलीच्या मनातला अंधार हटला. त्या शिकल्या, केंद्रीय अबकारी खात्यात नोकरीला लागल्या, आणि नोकरी सांभाळून दुसऱ्या अपंगांसाठी राबू लागल्या. १९८४ साली कोल्हापुरात 'हेल्पर्स ऑफ द हॅंडिकॅप्ड' ही संस्था निघाली. उचगावला 'घरौंदा' हे वसतिगृह झाले, शाळा झाली. सिंधुदुर्गात 'स्वप्ननगरी' नावाने काजूवर प्रक्रिया करण्याचा उद्योग सुरू केला, जेणेकरून शिकलेल्या अपंगांना बसल्या जागी काम मिळावे. 'चाकाची खुर्ची' हे त्यांचे आत्मकथन आहे. माझी विनंती आहे की, ते या शाळेच्या ग्रंथालयात नसेल तर या वर्षी जरूर घ्यावे. आपल्या मुलींनी तर ते वाचावेच.

आणि तिसरे उदाहरण आपल्या ठाणे जिल्ह्यातले. उल्हासनगरच्या प्रांजल पाटील यांची दृष्टी वयाच्या सहाव्या वर्षी गेली. दादरच्या कमला मेहता अंध शाळेत त्या शिकल्या, पुढे सेंट झेवियर्स कॉलेज आणि मग दिल्लीचे जवाहरलाल नेहरू विद्यापीठ. २०१५ सालच्या केंद्रीय लोकसेवा परीक्षेत त्यांचा ७७३ वा क्रमांक आला. रेल्वेची लेखासेवा मिळाली, परंतु पूर्ण अंध असल्याचे कारण सांगून ती नाकारण्यात आली. त्या पुन्हा अभ्यासाला बसल्या आणि २०१६ च्या परीक्षेत १२४ वा क्रमांक मिळवून भारतीय प्रशासकीय सेवेत गेल्या. माझ्या आईला शेजारणी विचारत असत ना, 'याला काय कलेक्टर व्हायचे आहे?' त्यांना आज मी उत्तर देऊ शकतो.

परंतु केवळ थोरांची उदाहरणे देऊन मी खाली बसलो तर ते खरे होणार नाही. मला आपल्यासमोर एक कबुली द्यावयाची आहे.

१९८४ साली मी डोंगरी सोडून मीरा रोडला राहावयास आलो. नया नगरात तेव्हा इमारती उठत होत्या. भाड्याच्या कोंदट खोल्यांतून आलेल्या आम्हां लोकांना इथली हवा आणि जागा म्हणजे मोठी नियामत वाटे. आमच्या बिल्डिंगमध्ये एक कुटुंब होते. त्यांची सात वर्षांची मुलगी जन्मतः बहिरी होती, म्हणून बोलतही नव्हती. तिचे वडील एकदा माझ्याकडे आले. म्हणाले, "भाईजान, आपण शिकलेले आहात. वांद्र्याला बहिऱ्या मुलांसाठी सरकारची मोठी संस्था निघाली आहे म्हणतात. मुलीला दाखवू का? शाळेत घालू का?" ती संस्था म्हणजे १९८३ साली वांद्र्यात स्थापन झालेली अली यावर जंग राष्ट्रीय संस्था. मला ती ठाऊक होती. पण मी विचार केला, रोज लोकलने वांद्रे, मुलीची जात, घरात आणखी तीन मुले. मी त्यांना सांगितले, "कशाला ओढाताण करता? घरीच राहू दे. मोठी झाली की शिवणकाम शिकवा." त्यांनी माझा सल्ला मानला. शिकलेल्या माणसाचा सल्ला होता ना!

वीस-बावीस वर्षांनी ती मुलगी मला स्टेशनच्या जिन्यावर भेटली. शिवणाच्या एका गाळ्यात कामाला जात होती. हाताला चांगली, कामाला चोख. बरोबर तिची धाकटी बहीण होती. त्या मुलीने खुणा केल्या आणि बहिणीने मला अर्थ सांगितला. ती विचारत होती, "तुम्हांला चालता येत नव्हते, तरी तुमच्या आईने तुम्हांला शाळेत नेले. मला चालता येत होते. मला का नाही नेले?" पुढे बहिणीनेच सांगितले की, तिला लिहिता-वाचता येत नाही. किती नग शिवले आणि किती पैसे झाले, ते गाळ्यातला दुसरा माणूस लिहितो आणि ती अंगठा लावते. माझ्याजवळ उत्तर नव्हते. जन्मभर दुसऱ्यांचे हिशेब जुळवणारा मी, त्या एका हिशेबापुढे गप्प झालो. मला ज्या नजरेने त्या मुलाखतीच्या साहेबांनी पाहिले होते, त्याच नजरेने मी त्या लेकराकडे पाहिले होते.

म्हणून पालकांनो, आज मी जे सांगणार आहे ते उपदेश म्हणून नव्हे, प्रायश्चित्त म्हणून ऐका.

पहिली गोष्ट, मूल लपवू नका. २०११ च्या जनगणनेत देशात २ कोटी ६८ लाख अपंग मोजले गेले, एकट्या महाराष्ट्रात २९ लाखांहून अधिक. त्यांच्यापैकी काम करणारे शंभरात छत्तीसच होते, आणि स्त्रियांत तर शंभरात तेवीसच्या आसपास. हा आकडा हातापायांचा नाही, घरात बसवण्याचा आहे. थोरल्या मुलीचे लग्न जमणार नाही म्हणून धाकट्याचे अपंगत्व लपवणारी घरे मी पाहिली आहेत. लग्न जमते, आणि त्या मुलाची दहा वर्षे वाया जातात.

दुसरी गोष्ट, दाखला काढा. शासनाने नेमलेल्या रुग्णालयाकडून अपंगत्वाचा दाखला आणि त्याबरोबर मिळणारे 'यूडीआयडी' कार्ड, यांशिवाय कोणताही दरवाजा उघडत नाही. अर्ज आता 'स्वावलंबन' संकेतस्थळावर करता येतो. ज्यांना जमत नाही त्यांना आपल्या वरच्या वर्गातल्या मुलांनी भरून द्यावा. चाळीस टक्के किंवा त्याहून अधिक अपंगत्व असेल तर बहुतेक सवलती लागू होतात.

तिसरी गोष्ट, कायदा माहीत करून घ्या. १९९५ च्या कायद्यात सात प्रकारचे अपंगत्व मानले होते आणि सरकारी नोकरीत तीन टक्के जागा होत्या. २०१६ चा नवा कायदा १९ एप्रिल २०१७ पासून लागू झाला. त्यात एकवीस प्रकार आहेत आणि नोकरीत चार टक्के जागा आहेत. अंध व क्षीणदृष्टी यांना एक टक्का, बहिरे व कमी ऐकू येणारे यांना एक, हातापायांचे अपंगत्व, सेरेब्रल पाल्सी, बरा झालेला कुष्ठरोग, अॅसिड हल्ला वगैरेंना एक, आणि स्वमग्नता, बौद्धिक अपंगत्व, शिकण्यातील विशिष्ट अडचण, मानसिक आजार व एकाहून अधिक अपंगत्वे यांना मिळून एक. सरकारी व अनुदानित उच्च शिक्षणसंस्थांत पाच टक्के जागा आणि वयात पाच वर्षांची सवलत आहे. सहा ते अठरा वर्षांपर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क आहे. सरकारी नोकरीत असताना कोणाला अपंगत्व आले, तर त्या कारणासाठी त्याला काढता येत नाही की खालच्या जागेवर ढकलता येत नाही. लेखी परीक्षेत, ज्याला लिहिण्यास अडचण आहे, त्याला लेखनिक घेता येतो आणि तासाला किमान वीस मिनिटे जादा वेळ देण्याचा नियम आहे. हे कुणाचे उपकार नाहीत, हक्क आहेत. पण मागणाऱ्यालाच मिळतात.

चौथी गोष्ट, आणि ही विद्यार्थ्यांनी लक्षपूर्वक ऐकावी. 'अपंगांचे काम' म्हणून जे ठरवून दिलेले असते, त्याच्यावर आयुष्य अवलंबून ठेवू नका. माझ्या तरुणपणी अंध माणसाला वेताच्या खुर्च्या विणायला शिकवीत. प्लॅस्टिकच्या खुर्च्या आल्या आणि ते काम गेले. मग टेलिफोन ऑपरेटरची जागा म्हणजे अंधांची हक्काची जागा झाली. मुंबईच्या कचेऱ्यांत असे शेकडो आवाज होते. स्वयंचलित यंत्रे आली आणि ते आवाज बंद झाले. नंतर अपंगांना एस.टी.डी.-पी.सी.ओ.चे बूथ मिळू लागले. किती संसार त्या पिवळ्या पेट्यांवर चालले! मोबाईल आला आणि बूथ ओस पडले. जे त्या कामालाच चिकटून राहिले ते बसले. जे नवे शिकले ते तरले. मला स्वतःला चाळिशीनंतर खातेवह्या सोडून संगणक शिकावा लागला. बोटे अडखळत, तरुण मुले हसत. पण शिकलो म्हणून टिकलो.

आज अंध मूल संगणकावर काम करू शकते, कारण पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणाऱ्या प्रणाली आहेत. ऑस्ट्रेलियातील दोन अंध तरुणांनी २००६ साली सुरू केलेली 'एनव्हीडीए' ही प्रणाली तर फुकट मिळते आणि तिला मराठीही वाचता येते. मुंबईच्या सेंट झेवियर्स कॉलेजात २००३ पासून अंध विद्यार्थ्यांसाठी केंद्र चालते. वरळीला १९५२ साली स्थापन झालेली राष्ट्रीय अंधजन संघटना आहे. हातापायांच्या अपंगत्वासाठी हाजी अलीला १९५५ पासूनची केंद्र सरकारची पुनर्वसन संस्था आहे. माणसाला कोणते काम जमेल ते तपासून प्रशिक्षण देणारे केंद्र शीव येथे आहे. १९६८ साली देशात अशी पहिली दोन केंद्रे निघाली, त्यांतले एक मुंबईचे. अपंगांना उद्योगासाठी कर्ज देणारे राज्याचे स्वतंत्र महामंडळ आहे. बहुतेक ठिकाणी लोकलच्या अपंगांच्या डब्यातून जाता येते. मीरा रोड किंवा भाईंदरहून निघाले की तास-दीड तासाची वाट. उमरा करून येणारी आपली माणसे वांद्र्याला जायला लांब म्हणतात, याचे मला नवल वाटते. आणि यात मी स्वतःलाही धरतो.

आता आपल्या व्यापारी बंधूंना दोन शब्द. या स्मरणिकेत आपण सढळ हाताने जाहिराती देता. रमजानमध्ये जकात काढता, अपंगांच्या हातावर काही ठेवता. अल्लाह कबूल करो. परंतु वर्षात एकदा शंभर रुपये घेणारा हात बाकीचे दिवस काय करतो, याचाही विचार करा. भाईंदर पूर्वेला स्टीलच्या भांड्यांचे गाळे आहेत, शिवणाचे, पॅकिंगचे गाळे आहेत, नया नगरात मोबाईल दुरुस्तीची, औषधांची, कपड्यांची दुकाने आहेत. पायाने अधू माणूस बसून बिले करू शकतो. बहिरा माणूस दुरुस्ती, जुळणी, शिवण उत्तम करतो. गिऱ्हाईकाशी बोलण्यापुरता एक फळा-खडू ठेवा. पण एक अट आहे. त्याला काम द्या, नुसती खुर्ची देऊ नका. चुकला तर इतरांसारखेच रागवा, चांगले केले तर इतरांइतकाच पगार वाढवा. माझ्या त्या हेडक्लार्क साहेबांसारखे वागा.

पोलिओ आपल्या देशातून गेला. शेवटचा रुग्ण जानेवारी २०११ मध्ये सापडला आणि २०१४ साली देश पोलिओमुक्त जाहीर झाला. माझ्यासारखी माणसे हळूहळू संपतील. पण अपंगत्व संपलेले नाही. लोकलखाली पाय जातात, प्रेस मशीनखाली बोटे जातात, मधुमेहाने डोळे जातात. आज जो धडधाकट आहे त्यालाही उद्या या रस्त्यावर यावे लागू शकते. तेव्हा आपण दुसऱ्यासाठी जी वाट बांधू, ती कदाचित आपल्याच कामी येईल.

शेवटी संस्थेच्या पदाधिकाऱ्यांना माझी नम्र विनंती. या शाळेच्या पटावर अपंग विद्यार्थी किती, याची एक वही करा. आसपासच्या मोहल्ल्यांत घरी बसवलेली मुले किती, हे शिक्षकांनी आणि मोठ्या विद्यार्थ्यांनी सुटीत फिरून लिहून काढावे. अशा प्रत्येक मुलामागे एक शिक्षक नेमावा, जो दाखल्यापासून नोकरीपर्यंत त्याची चौकशी ठेवील. संस्थेच्या शिष्यवृत्तीत त्यांचा रिक्षाचा आणि लोकलचा खर्चही धरावा. फी माफ झाली तरी शाळेपर्यंत पोहोचण्याचा खर्च माफ होत नाही. आणि संस्थेत कारकून, ग्रंथपाल, शिक्षक यांची जागा निघेल तेव्हा एक तरी अर्ज अपंग उमेदवाराचा यावा, अशी खटपट करावी.

आणि त्या चार पायऱ्या. त्यांच्या बाजूला एक उतार बांधायला थोडी वाळू, थोडे सिमेंट आणि दोन दिवसांची मजुरी लागेल. त्याचा खर्च मी माझ्या पेन्शनमधून देतो. तेवढी परवानगी मला द्यावी. माझी इच्छा आहे की, पुढच्या वर्षी या समारंभात बक्षीस घ्यायला एखादे अपंग लेकरू स्वतःच्या बळावर, कोणी काखेत हात न घालता, या व्यासपीठावर यावे. तेव्हा मी खाली, तुमच्यात, पहिल्या रांगेत बसून टाळ्या वाजवीन.

आज ज्यांना पारितोषिके मिळाली त्या सर्व विद्यार्थ्यांचे मनापासून अभिनंदन करतो. ज्यांना मिळाली नाहीत त्यांनी निराश होऊ नये. मलाही शाळेत एकही मिळाले नव्हते. 

खुदा हाफिज. जय हिंद, जय महाराष्ट्र.